कुपवाडच्या कारखान्यात कर्करोगाची तपासणी सुरू करताना

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी आमच्याकडे पूर्वीपासून होत असे; मात्र ती रक्तदाब, साखर आणि डोळे यांपलीकडे जात नसे. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीची तीत भर घालावी, असा प्रस्ताव मी मांडला. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयोगटासाठी ही तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी लागते आणि तिला मोठी यंत्रे लागत नाहीत. व्यवस्थापनाने लवकरच होकार दिला.

खरा प्रश्न कामगारांच्या मनातला होता. पॅकिंग विभागातील एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "मॅडम, काही निघालं तर कामावरनं काढणार न्हाई न्हवं?" या भीतीवर भित्तिपत्रकांचा किंवा व्याख्यानांचा उपयोग नव्हता. म्हणून व्यवस्थापनाच्या सहीची सूचनाच फलकावर लावून घेतली: अहवाल फक्त डॉक्टर आणि ती व्यक्ती यांच्यातच राहील, कारखान्याला केवळ एकूण संख्या कळेल, तपासणीचा वेळ पूर्ण पगारी हजेरीत धरला जाईल आणि निष्कर्षामुळे कोणाच्याही नोकरीवर परिणाम होणार नाही. नावे नोंदवण्यासाठी महिला स्वतःहून येऊ लागल्या त्या या कागदानंतर, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या अनेक महिला तिला तंबाखूत धरत नाहीत; वस्तुतः ती भाजलेली तंबाखूच असते. त्यामुळे तोंडाच्या तपासणीच्या अर्जात तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवला. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा चट्टा उमटतो का, हे पाहण्याची चाचणी मासिक पाळीच्या दिवसांत करत नाहीत. एकाच दिवसाचे शिबिर भरवले असते तर कितीतरी जणी आपोआप वगळल्या गेल्या असत्या. म्हणून प्रत्येकीला सोयीची तारीख निवडण्याची मुभा दिली आणि ती नोंदवण्याचे काम पुरुष सुपरवायझरऐवजी परिचारिकेकडे सोपवले. टाटा स्मारक केंद्राने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केलेल्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी केलेल्या याच चाचणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. डॉक्टरांनी ते सांगितले, तेव्हा इतक्या साध्या चाचणीबद्दलची शंका बरीच निवळली.

चट्टा किंवा गाठ आढळणे म्हणजे कर्करोग नव्हे, हे आम्ही प्रत्येकीला तपासणीपूर्वीच समजावले. तरीही पुढची वाट ठरलेली नसेल, तर तपासणी करणेच मला अन्यायाचे वाटते. त्यामुळे कोल्पोस्कोपी (गर्भाशयमुख भिंगातून मोठे करून पाहणे) व बायोप्सी (संशयित भागाचा छोटा तुकडा काढून तपासणे) यांची सोय मिरजेत आधी पक्की केली, त्या दिवसांची पगारी रजा मंजूर करून घेतली आणि उपचारांची वेळ आल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारी कागदपत्रे कोणती, हेही लिहून दिले.

ठेकेदाराकडील महिला मात्र अजून या व्यवस्थेबाहेर आहेत, कारण त्यांचा खाडा भरून देण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. ती करारातील कलमातच नमूद करावी, असा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. ठेक्याच्या नूतनीकरणावेळी तो चर्चेला येईल.