दफन नाकारलं, आणि ८५ वर्षं बंड चाललं

आजचा दिवस फिलिपिन्समधल्या बोहोल बेटाच्या बंडात गेला आणि अजून मन तिथेच आहे. १७४४, स्पेनची राजवट. पळालेल्या माणसाला पकडताना फ्रान्सिस्को दागोहोयचा भाऊ मारला गेला. जेझुइट पाद्र्याने त्याचं ख्रिस्ती दफन नाकारलं. दागोहोय हजारो लोकांना घेऊन डोंगरात गेला. राग साचलेला होताच: पट्टी म्हणजे कर, आणि पुरुषांना वर्षाला ४० दिवस वेठ. ही वेठ पैसे भरून चुकवता यायची, म्हणजे ती पडायची गरिबावरच. बंड १८२९ पर्यंत टिकलं, दागोहोयच्या मृत्यूनंतरही.

पण बोहोलबाहेर ते पसरलं नाही. बेटं वेगळी, भाषा वेगळ्या, आणि एका प्रांताचं बंड मोडायला स्पेन दुसऱ्या प्रांतातले शिपाई आणायचं. इलोकोस प्रांतातल्या बंडाचा नेता दिएगो सिलांग, त्याला तर १७६३ मध्ये त्याच्याच परिचिताने गोळी घातली. त्याची पत्नी गाब्रिएला लढत राहिली, त्याच वर्षी फासावर गेली.

१८७२ मध्ये मनिलाजवळच्या काविते शस्त्रागारातल्या कामगारांची पट्टी-वेठीची जुनी सूट काढली गेली आणि उठाव झाला. तो दोन दिवसांत मोडला. मात्र १७ फेब्रुवारीला गोमेझ, बुर्गोस, झामोरा या तीन पाद्र्यांना उठावामागे असल्याच्या आरोपावरून जाहीरपणे गळा आवळून मारलं, आणि ते दुःख एका बेटाचं राहिलं नाही. फिलिपिनो लेखक होसे रिझालने १८९१ची कादंबरी त्यांनाच अर्पण केली.