कोजनची वीज वितरण कंपनीला कशी दिसते

मी साखर कारखान्याच्या कोजनमध्ये, म्हणजे बगॅस (उसाचा चोथा) जाळून वाफ आणि वीज एकत्र बनवणाऱ्या सहवीज प्रकल्पात, इलेक्ट्रिकल बाजू सांभाळतो. गाळप हंगामात आम्ही वितरण कंपनीला वीज विकतो आणि कारखाना बंद झाला की त्याच लाइनवरून तिच्याकडून विकत घेतो. त्यामुळे तिथल्या अभियंत्यांशी बारा महिने बोलणं असतं. आमच्याबद्दल त्यांच्या मनात काय चालतं, याचा चांगला अंदाज आला आहे.

त्यांची पहिली काळजी मोठ्या ग्राहकांची. शेतीपंपाला स्वस्त वीज देता येते ती उद्योगांकडून जादा दर घेऊन. उद्योगाने स्वतःची वीज केली की हा पैसा आटतो. 2003 च्या वीज कायद्याने स्ववापरासाठी निर्मितीला परवानगी दिली. 2005 च्या नियमांनी अट घातली की वापरणाऱ्यांची मालकी किमान 26 टक्के हवी आणि 51 टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. ही अट पाळली की क्रॉस सबसिडीचा अधिभार, म्हणजे या जादा पैशाची भरपाई म्हणून लावला जाणारा आकार, लागत नाही. वर उद्योगाचं जनित्र बंद पडलं तर त्याच क्षणी कंपनीने वीज द्यायची, म्हणजे वर्षातल्या थोड्या तासांसाठी क्षमता राखून ठेवायची. तो खर्च कोणी भरायचा, हा त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

दुसरी काळजी सुरक्षेची आणि तिथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. सबस्टेशनमधून लाइन बंद केली, वायरमन खांबावर चढला आणि आमचं जनित्र मागून वीज पाठवत राहिलं तर माणूस जातो. म्हणून संरक्षक रिलेच्या (बिघाड ओळखून ब्रेकर उघडणाऱ्या उपकरणाच्या) चाचणीत कुचराई नाही. ग्रिड गेली की ब्रेकर उघडलाच पाहिजे आणि टर्बाइनने फक्त कारखान्याचा लोड धरून चालत राहिलं पाहिजे. तेही ट्रिप झालं तर मिल थांबते, रस टाक्यांमध्ये पडून राहतो आणि त्यातली साखर कमी होऊ लागते.

माझं खरं भांडण दराशी आहे.

भारनियमनाच्या काळात बगॅसची वीज सगळ्यांना हवी होती. महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने 2002 मध्येच तिच्यासाठी वेगळा दर ठरवून दिला होता. त्याच्या भरवशावर, तेवढ्याच बगॅसमधून जास्त वीज मिळावी म्हणून, कारखान्यांनी 21 किंवा 32 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाचे जुने बॉयलर काढून 67, 87, अगदी 110 किलोचे बसवले. आज राज्यात बगॅसवरची क्षमता 2000 मेगावॅटच्या वर आहे. पण 2017 मध्ये राजस्थानातल्या भडल्याला सौर विजेचा दर 2.44 रुपयांपर्यंत उतरला आणि सगळी चर्चा युनिटमागच्या किमतीवर आली. 2024 मध्ये राज्य सरकारने युनिटला दीड रुपयाचं अनुदान जाहीर केलं. मदत झाली. पण अनुदान ही मेहेरबानी असते. वर्षभराने काय, हे सांगता येत नाही.

एक युनिट दुसऱ्या युनिटासारखं नसतं. आमचं युनिट संध्याकाळी सातलाही येतं, जेव्हा सौर पॅनेल शून्यावर असतात. ते येतं कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या पट्ट्यात, तर राज्य सरकारच्या कंपनीचं सर्वांत मोठं औष्णिक केंद्र आहे थेट चंद्रपूरला. त्या टोकाकडून या टोकापर्यंत वीज आणताना गळती होते आणि व्होल्टेज पडतं. कारखाना चालू असला की आसपासच्या गावांत व्होल्टेज सुधारतं, हे मी सबस्टेशनच्या मीटरवर पाहिलं आहे. शिवाय औष्णिक केंद्रात टर्बाइनमधून निघालेल्या वाफेची बहुतेक उष्णता पाण्यात आणि हवेत जाते. आमच्याकडे तीच एक्झॉस्ट वाफ रस उकळते. कायद्याच्या कलम 86 मध्ये नूतनीकरणीय ऊर्जेबरोबर सहवीजनिर्मितीचंही नाव घेऊन तिला चालना द्यायला सांगितलं आहे, ते उगाच नाही.

अमेरिकेने 1978 च्या पुर्पा कायद्यात एक चांगली कसोटी घातली: छोट्या किंवा सहवीज उत्पादकाची वीज घेतल्याने कंपनीचा जो खर्च वाचतो, तो दर द्या. म्हणजे प्रश्न ‘तुमची वीज केवढ्याला?’ असा राहत नाही, ‘ती नसती तर त्या वेळी, त्या जागी मला केवढ्याला पडली असती?’ असा होतो. तिथेही कंपन्या आणि उत्पादक या रकमेवरून वर्षानुवर्षे भांडले. भांडू देत, निदान भांडण योग्य आकड्यावर होतं.

एका वरिष्ठ अभियंत्यांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, “साहेब, तुमची वीज हंगामी. उन्हाळ्यात मला तुमचा काय उपयोग?” बरोबर आहे. मे महिन्यात आम्ही बंद असतो. पण रब्बीचे पंप नोव्हेंबर ते मार्चच चालतात आणि आमचं गाळपही तेव्हाच. दिवसा त्या पंपांना सौर वीज देता येईल. संध्याकाळी गावात दिवे लागतात तेव्हा कोण देणार?

वितरण कंपनी उच्चदाब ग्राहकांना संध्याकाळच्या तासांना जादा आकार लावते. हंगाम संपल्यावर आमच्या बिलातही तो असतो. म्हणजे त्या तासांची वीज महाग, हे तिलाही मान्य आहे. मग आमच्याकडून घेताना दुपारी दोनला आणि रात्री आठला एकच दर का? पुढच्या खरेदी कराराच्या वेळी मी हे कलम मागणार आहे: संध्याकाळच्या युनिटला वेगळा दर. त्या बदल्यात दुपारचा दर कमी लावला तरी चालेल, बगॅस साठवून दुपारी टर्बाइन कमी लोडवर चालवायची आमची तयारी आहे.