कडक बाटलीला फिल्टर बसतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

ट्रेकला जाणारी मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात. पाण्याचा तो मुठीत मावणारा फिल्टर घेतला, त्याच्यासोबत मऊ पिशवी आली, पण ती पिशवी वापरायला नको वाटते. हाताशी चांगली कडक बाटली आहे. मग फिल्टर तिलाच लावता येईल का?

येईल. फक्त ती बाटली फिल्टरच्या कुठल्या बाजूला ठेवायची ते आधी ठरवा. गढूळ पाणी मऊ पिशवीतच भरा, कडक बाटली स्वच्छ पाण्याच्या बाजूला ठेवा आणि तिच्यातल्या हवेला बाहेर पडायला वाट द्या. माझं उत्तर एवढंच आहे. पण ते असं का, हे लक्षात आलं तर बाजारात मिळणारा किंवा घरी केलेला कुठलाही जोड तुम्ही स्वतःच पारखू शकाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिशवीचा कंटाळा मला समजतो. ती उभी राहत नाही, सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून घसरते, आणि लहान तोंडाची असेल तर संथ पाण्यात बुडवून भरता भरत नाही. घाईत जोर लावून पिळली तर मानेपाशी किंवा सांध्याशी उसवते. कडक बाटलीला यातलं काहीच नाही, शिवाय ती वर्षानुवर्षं टिकते.

आधी आटे पाहू, कारण विकत घेताना तिथेच घोटाळा होतो. सॉयर स्क्वीझ, प्लॅटिपस क्विकड्रॉ, लाइफस्ट्रॉ पीक या फिल्टरांचे आटे २८ मिलिमीटरच्या मानेसाठी असतात, म्हणजे सोड्याच्या साध्या बाटलीची मान. कॅटाडिन बीफ्रीची मान ४२ मिलिमीटरची. रुंद तोंडाची नॅलजीन बाटली ६३ची आणि तिचीच अरुंद तोंडाची बहीण ३८ची. त्यामुळे फिल्टर आणि बाटली दोन्ही नामांकित असली तरी एकमेकांना बसतीलच असं नाही. त्यात सोड्याच्या बाटल्यांच्याही दोन जाती आहेत. जुनी मान उंच, नवी आखूड. प्लास्टिक वाचावं म्हणून ती छोटी केली. दोन्हींवर २८चा फिल्टर सहसा बसतो, पण वॉशरवर दाब सारखा येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या काही पातळ बाटल्यांची मान तर २६ किंवा २९ मिलिमीटरची असते, आणि नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही. म्हणून बाटली निवडायला जाताना सोड्याच्या बाटलीचं बूच खिशात ठेवा. ते बूच ज्या मानेवर नीट फिरून घट्ट बसेल, तिथे फिल्टर बसण्याची खात्री बऱ्यापैकी धरता येते. उरलेली खात्री घरच्या बेसिनवर करायची: बाटलीत पाणी घ्या, फिल्टर लावा, उलटी करून दाबा आणि आट्यांच्या कडेने थेंब फुटतो का ते बघा.

आटे जुळले की काम झालं असं वाटतं. पण खरी अडचण हवेची आहे.

या फिल्टरच्या पोटात बारीक पोकळ धाग्यांचा जुडगा असतो, डायलिसिसमध्ये वापरतात त्याच जातीचा. धाग्यांच्या भिंतींना ०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची छिद्रं असतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एकदा का हे धागे भिजले, की पाणी त्या छिद्रांत इतकं घट्ट धरून बसतं की हाताच्या किंवा तोंडाच्या जोराने हवा त्यांतून ढकलता येत नाही. पाणी पार होतं, हवा होत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आता स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची बाटली गढूळ पाण्याने भरा, तोंडाला फिल्टर लावा आणि उलटी धरा. समजा बाटलीत ५० मिली हवा राहिली आहे. ५ मिली पाणी बाहेर पडलं की तीच हवा ५५ मिली जागेत पसरते आणि तिचा दाब नऊ टक्क्यांनी उतरतो. ही तूट जवळजवळ एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतकी असते. बाटलीतलं पाणी जेमतेम वीतभर उंच, म्हणजे ५ मिली पडायच्या आतच धार थांबते. तोंडाने ओढलं तर आणखी थोडं येतं, पण लगेच गाल आत जातात आणि पाणी मात्र येत नाही. बाटलीत नवी हवा शिरायला वाट नाही; फिल्टर ती आत सोडत नाही आणि भिंती चेपत नाहीत.

काही जण यावर बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्याला बूच लावतात. मी तसं सुचवणार नाही. चांगली बाटली कायमची अधू होते आणि सॅकमध्ये गढूळ पाणी गळायची धास्ती राहते. काही जण फिल्टर अर्धा आटा सैल करून हवा आत घेतात. तेव्हा गढूळ पाणी मानेवरून ओघळून फिल्टरच्या स्वच्छ तोंडाकडे येतं. ज्या पाण्याला आपण भितो, तेच पिण्याच्या वाटेवर आणून सोडायचं, हे मला पटत नाही.

इथे विचारणाऱ्याला मी उलट विचारते, तुमची बाटली कडक म्हणजे नक्की किती कडक? सोड्याची पातळ बाटली मऊ पिशवी आणि कडक बाटली यांच्या मधली आहे. ती उभी राहते, कप्प्यात बसते आणि दाबली तर चेपतेही. लांब पल्ल्याच्या वाटा चालणारे कितीतरी लोक तिलाच थेट फिल्टर लावून पाणी पितात, आणि ते चुकीचं नाही. दाबल्यावर ती चेपलेलीच राहते, कारण हवा फिल्टरमधून परत येत नाही. मग बाटली सरळ उभी धरायची, फिल्टर थोडा सैल करायचा, आत हवा घ्यायची आणि पुन्हा आवळायचा. बाटली उभी असल्यामुळे काही सांडत नाही. तुमची बाटली असली असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

स्टील किंवा जाड प्लास्टिक असेल तर ती स्वच्छ बाजूला न्या. वर गढूळ पाण्याची मऊ पिशवी, मध्ये फिल्टर, खाली कडक बाटली. पाणी उतरेल तशी पिशवी आपोआप चपटी होते, तिला हवा लागतच नाही. आता हवा अडते ती खालच्या बाटलीत. बाटली आट्यांनी हवाबंद जोडली आणि पाण्याची उंची एक मीटर धरली, तर एक लिटरच्या रिकाम्या बाटलीत नव्वदेक मिली पाणी उतरतं आणि सगळं थांबतं. आतली हवा तेवढ्यात दाबली जाऊन वरच्या पाण्याला तोलून धरते. फिल्टर तुंबला असं समजून लोक तो धूत बसतात, आणि फिल्टरला तर काहीच झालेलं नसतं.

यावर इलाज सोपा आहे. खालचा जोड अर्धा आटा सैल ठेवा. इथे गळलंच तर स्वच्छ पाणी गळेल, दोन थेंब वाया जातील, बाकी काही नाही. सैल जोड वर धोक्याचा आणि खाली निरुपद्रवी, म्हणून तर मी कडक बाटली खाली ठेवायला सांगते.

काही फिल्टरांच्या बाहेरच्या तोंडालाही २८चे आटे असतात. तिथे दोन्हीकडे आटे असलेला जोड लागतो. दोन बाटल्या एकावर एक लावून आत पाण्याचा भोवरा दाखवतात, त्या खेळण्यातला प्लास्टिकचा जोडही अनेक जण यासाठी वापरतात. दोन बुचं पाठीला पाठ लावून चिकटवायचा उद्योग मात्र करू नका. बुचांचं प्लास्टिक पॉलिएथिलिन किंवा पॉलिप्रॉपिलीन असतं. त्यावर बहुतेक गोंद धरत नाहीत, आणि जे धरतात ते पिण्याच्या पाण्याला चालतील याचा भरवसा नसतो.

पण माझ्या मते सगळ्यात चांगला जोड म्हणजे आटे नसलेला जोड: हातभर सिलिकॉनची नळी. फिल्टरच्या बाहेरच्या तोटीवर ती ओढून बसवायची आणि दुसरं टोक बाटलीत नुसतं सोडायचं. बाटलीची मान २८ असो, ३८ असो की ६३, काही फरक पडत नाही. नळीच्या बाजूने हवा सहज बाहेर जाते. शिवाय नळीतलं पाणी खालून ओढ देतं, त्यामुळे नुसत्या पिशवीच्या उंचीवर जी धार पडली असती, तिच्यापेक्षा चांगली धार पडते. पिशवी झाडाच्या फांदीला अडकवा, बाटली खाली दगडांच्या आधाराने उभी करा आणि तंबू लावायला जा. पिळायला कुणी लागत नाही.

नळी वाऱ्याने बाहेर येते असं वाटत असेल तर बाटलीचं एक जादा झाकण घ्या. झाकणाखाली लाकडाचा तुकडा धरून त्याला दोन भोकं पाडा, एक नळी घट्ट बसेल एवढं, दुसरं काडीएवढं, हवेसाठी. भोकांच्या कडेला प्लास्टिकचे कंगोरे राहतात, ते पात्याने तासून काढा आणि झाकण दोन-तीनदा खळखळून धुवा, नाहीतर तो कीस पहिल्याच घोटात येईल. हे झाकण फक्त भरण्यापुरतं. चालताना मूळचं झाकण लावायचं.

नळीचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. धार मंदावली की बाटलीतलं नळीचं टोक पाण्यात बुडालेलं असतानाच बाटली पिशवीपेक्षा उंच उचला. नळी पाण्याने भरलेली असल्यामुळे प्रवाह उलटतो, स्वच्छ पाणी फिल्टरमधून मागे जातं, धाग्यांवर बसलेला गाळ सुटतो आणि गढूळ बाजूला अडकलेले हवेचे बुडबुडेही वर पिशवीत निघून जातात. हे बुडबुडे त्रासदायक असतात, कारण जिथे हवा बसते तिथल्या धाग्यांना पाणीच पोचत नाही. काही क्षण उचलून धरायचं आणि पुन्हा खाली ठेवायचं. गाळ फारच बसला असेल तर घरी आल्यावर पिचकारीने उलटं धुवावं लागतं, आणि कठीण पाण्याचे क्षार साचले असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवावं लागतं. बीफ्रीसारखा फिल्टर उलटा धुवायचा नसतो. तो पाण्यात हलवून, खळबळून साफ करतात. आपल्या फिल्टरचं माहितीपत्रक एकदा तरी वाचा.

आता स्वच्छ आणि गढूळ बाजूंबद्दल, आणि इथे मी हट्टी आहे. बाटली ओढ्यात बुडवून भरली की तिच्या आट्यांत पाणी राहतं. पुढे त्याच बाटलीत गाळलेलं पाणी घेतलं तर तो एक थेंब सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवायला पुरेसा असतो. म्हणून कडक बाटली ओढ्यात कधीही बुडवायची नाही. पिशवीच्या मानेला लाल चिकटपट्टी लावा. नळीचं बाटलीतलं टोक जमिनीवर टेकू देऊ नका आणि नळी पिशवीसोबत गुंडाळू नका, ती बाटलीच्याच पोटात ठेवा. जोड दोन असतील तर गढूळ बाजूचा आणि स्वच्छ बाजूचा वेगळ्या रंगाचा असू द्या. संध्याकाळी अंधारात, थकलेल्या हातांनी हे काम करायचं असतं. तेव्हा आठवणीपेक्षा रंगावर विसंबणं बरं.

फिल्टर काय अडवतो तेही सांगायला हवं. पोट बिघडवणाऱ्या परजीवींपैकी जिआर्डियाच्या गाठी (कवचातले जंतू) साधारण ८ मायक्रॉनच्या पुढे, क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६ मायक्रॉनचा, जिवाणूही ०.२ मायक्रॉनच्या छिद्रात अडकतात. विषाणू मात्र निसटतात. नोरोव्हायरस, हिपॅटायटिस ए हे ०.०३ मायक्रॉनच्या आसपासचे असतात. वरच्या अंगाला वस्ती असेल, माणसांचा वावर असेल, तर गाळलेलं पाणी क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळीने किंवा उकळून निर्धोक करावं लागतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेची सूचना आहे की खळखळ उकळी एक मिनिट ठेवावी, साधारण २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. शेतातली कीटकनाशकं आणि कारखान्याचं सांडपाणी या धाग्यांतून आरपार जातं. तिथे पाणी दुसरीकडचं शोधावं.

आणि थंडी. भिजलेला फिल्टर गोठला तर धागे तडकतात, वरून काहीच दिसत नाही आणि पाणी नेहमीसारखं येत राहतं. रात्री तो कोरड्या पिशवीत घालून झोपायच्या बॅगेत घ्या, दिवसा कपड्यांच्या आतल्या खिशात. गोठल्याची शंका आली तरी तो बदलायचा, यात तडजोड नाही.

तर माझ्या सॅकमध्ये रुंद तोंडाची मऊ पिशवी असते, जी संथ पाण्यातही भरते; २८ मिलिमीटरच्या आट्यांचा फिल्टर, सिलिकॉनची नळी, दोन भोकांचं झाकण आणि जाड प्लास्टिकची बाटली. शिवाय आट्यांतले वॉशर दोन जादा. ते फिल्टरमधून कधी निसटून पडतात कळत नाही, आणि वॉशर नसेल तर वरचा जोड कितीही आवळला तरी गळतो. मी ते झाकणाच्या दोऱ्यात ओवून ठेवते, म्हणजे सॅकच्या तळाशी शोधत बसावं लागत नाही.