टँकर डोंगरात कसा गेला?

दुधाच्या टँकरवर नजर ठेवणारं ॲप दुसऱ्या दिवशी मालकांना दाखवायचं होतं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं ऑफिस, टेस्टिंग माझ्याकडे. खरे टँकर हाताशी नव्हते, म्हणून आमच्याच डेव्हलपरने सिम्युलेटर लिहिला होता. खोट्या टँकरचं लोकेशन तो दर काही सेकंदांनी सर्व्हरला पाठवायचा. नकाशावर सगळे टँकर हायवेवरून निमूट धावत होते. एकही चहाला थांबत नव्हता, हेच मला खटकत होतं.

कपाटात एक जीपीएस डिव्हाइस पडून होतं. ते गच्चीच्या कठड्यावर ठेवलं, सॅटेलाइट मिळू दिले आणि ॲप उघडलं. डिव्हाइस नाक्यावर नव्हतंच. सरळ दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, उंब्रजच्या पश्चिमेला डोंगरात जाऊन बसलेलं!

"मशिन गंडलंय," डेव्हलपर म्हणाला. "रेखांश बरोबर आहे की. कोड चुकला असता तर दोन्ही चुकले असते."

मुद्दा बिनतोड वाटला. तरी मी सर्व्हरवर आलेली मूळ ओळ उघडली. अक्षांशाच्या जागी १७४१ आणि पुढे दशांश. आरएमसी म्हणजे जीपीएस डिव्हाइस लोकेशन ज्या ठरावीक साच्यात पाठवतं ती ओळ. तिच्यात हे १७ अंश ४१ मिनिटं असं वाचायचं आणि मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे १७.६८. कोडने सरसकट १०० ने भागून १७.४१ केलं होतं. रेखांश बचावला तो साताऱ्याच्या कृपेने! गाव ७४ अंशांच्या रेघेला इतकं चिकटून आहे की मिनिटं जवळपास शून्य. शून्याला कशानेही भागा.

मग सिम्युलेटरमध्ये हे का दिसलं नाही? तोही त्याच हातचा. पाठवताना १०० ने गुणायचं, वाचताना १०० ने भागायचं. चोर आणि फौजदार एकाच घरचे.

दुरुस्ती चार-दोन ओळींची. मी मात्र सांगलीच्या लोकेशनचा हाताने हिशोब करून तीही ओळ टेस्टमध्ये घातली. तिथे रेखांशाची मिनिटं ३४ च्या आसपास, त्यामुळे चूक दोन्हीकडून उघडी पडते. मग खंबाटकीचा बोगदा आठवला. आत सॅटेलाइट मिळत नाहीत, ओळीत 'लोकेशन ग्राह्य' सांगणाऱ्या 'ए'च्या जागी 'अग्राह्य'चा 'व्ही' येतो आणि बऱ्याच डिव्हाइसमधून अक्षांश-रेखांश रिकामेच येतात. तशा ओळीही सर्व्हरला पाठवून पाहिल्या. ॲपने रिकाम्याचं शून्य केलं आणि पुण्याला निघालेला टँकर आफ्रिकेशेजारी, गिनीच्या आखातात उतरला.

हा बगही मी त्याच डेव्हलपरच्या नावावर टाकला आणि मालकांना फोन करून डेमो दुपारवर ढकलला.