चहाचा कप कुठल्या खात्यात?

सोमवार, रात्रीचे अकरा

फोनवर दिवसभरात प्यायलेल्या पाण्याचा आकडा दिसतोय २,१५०. लक्ष्य ३,०००. साडेआठशे मिली कमी, आणि दिवस संपायला एक तास. दिवसभर दुसऱ्यांच्या जमाखर्चाचा ताळमेळ लावणाऱ्या बाईला असा उघडा फरक सोसत नाही. ओट्यापाशी उभी राहिले आणि साडेतीन ग्लास पाणी घटाघटा संपवलं. पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उडाले, 'शाब्बास' आलं. आता कुशीवर वळलं की पोटात डचमळतंय.

मंगळवार

दीडला उठले. पावणेचारला उठले. साडेपाचला पुन्हा. काल शाब्बासकी मिळालेलं पाणी उजाडायच्या आत गेलं.

मूत्रपिंडाला आपलं लक्ष्यबिक्ष्य कळत नाही. रक्त जरा पातळ झालं की मेंदूतून येणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी होतं आणि जादाचं पाणी बाहेर टाकलं जातं. काही तासांत हिशेब चुकता. आज रात्री प्यायलेलं उद्या दुपारच्या उन्हासाठी शिल्लक राहत नाही. वर्षअखेरच्या शेवटच्या तासात घातलेल्या नोंदी ऑडिटर ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने मी आज तो काल रात्रीचा आकडा बघितला.

ताईचा फोन आला तेव्हा हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चहा धरलास का त्यात?"

"धरला. चार कप."

"अगं, तो कसा धरतेस? चहा पाणी खेचून घेतो अंगातलं. उलट एका कपामागे दोन ग्लास जास्त प्यायला हवं. म्हणून तर बाबांचा चहा बंद केला ना आपण."

तिच्या हिशेबाने चार कप जमेत नाहीतच, वर आठ ग्लास नावे. म्हणजे मी गेली वीस वर्षं तोट्यात चालले आहे आणि अजून जिवंत आहे, हे एक आश्चर्यच.

बुधवार

२,४००. झोप आली.

गुरुवार

ऑफिसातून लवकर सुटले, संध्याकाळ वाचनात घालवली. हा तीन लिटरचा, किंवा सगळे सांगतात तो रोज आठ ग्लासांचा, आकडा आला कुठून?

१९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने शिफारस केली होती की प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरेसं. खाल्लेल्या दर कॅलरीमागे एक मिली, असा ठोकताळा. त्याला लागूनच पुढचं वाक्य होतं: यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातच असतं. हे दुसरं वाक्य वाटेत कुठेतरी गळलं. हाइन्झ व्हाल्टिन नावाच्या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने २००२ मध्ये आठ ग्लासांच्या नियमाला शास्त्रीय आधार काय म्हणून जुने कागद उपसले. निरोगी, बैठं काम करणाऱ्या माणसाने रोज आठ ग्लास पाणी प्यावंच, असं सांगणारा पुरावा त्याला मिळाला नाही. या गळलेल्या वाक्यातच नियमाचा उगम असू शकेल, असा त्याचा अंदाज होता.

अर्धी नोंद उतरवून घेतली आणि अर्धी सोडली. आमच्याकडे नवीन पोरं पहिल्या महिन्यात हेच करतात.

नंतरचे आकडेही तसेच. अमेरिकेचा २००४ चा अहवाल बायकांना २.७ आणि पुरुषांना ३.७ लिटर म्हणतो. युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरण २०१० मध्ये २ आणि २.५ लिटर म्हणतं. दोघांमध्येच एवढी तफावत. आणि दोन्हीकडे हे 'एकूण पाणी' आहे: साधं पाणी, बाकी सगळी पेयं आणि जेवण, सगळं धरून. त्यातला साधारण पाचवा हिस्सा अन्नातून येतो. काकडी म्हणजे पंच्याण्णव टक्के पाणी, कलिंगड नव्वदच्या वर, सफरचंद पंच्याऐंशीच्या आसपास, आणि शिजलेल्या भातातसुद्धा दोन तृतीयांश पाणीच. शिवाय शरीर अन्न जाळतं तेव्हा आतल्या आत पाव लिटरभर पाणी तयार होतं ते वेगळं. ते कुठल्याही ग्लासात दिसत नाही.

माझ्या फोनने ३,००० हा आकडा माझं वजन विचारून काढला. दुपारी काय जेवलीस, हे एकदाही विचारलं नाही.

शुक्रवार

पहाटे बाबा बाथरूमकडे जाताना भिंतीला धरून उभे राहिले. मी पाणी प्यायला (अर्थात!) उठले होते म्हणून दिसले. "काही नाही, जरा गरगरलं." खुर्चीवर बसवलं, पाच मिनिटांत ठीक झाले, पण मला धस्स झालं.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी झोपवून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला. उभं राहिल्यावर बराच उतरला. औषधं तपासली, रक्त तपासायला दिलं. मग मला विचारलं, "दिवसभरात यांच्या पोटात द्रव किती जातं?"

मला माझा आकडा मिलीपर्यंत पाठ. बाबांचा माहीत नव्हता.

शनिवार

सुट्टी. मापाचं भांडं काढलं आणि घरातली सगळी पेयपात्रं मोजली. माझी बाटली, जिच्यावर एक लिटर लिहिलंय, ती गळ्यापर्यंत भरली तर एक लिटर. आपण भरतो तिथपर्यंत नऊशे. स्टीलचा ग्लास दोनशे. चहाचा कप काठोकाठ १३०, पण काठोकाठ चहा कोण ओततं? एक बोट सोडून ओततो, म्हणजे ११०.

मग बाबांच्या मागे वही घेऊन बसले. सकाळच्या गोळ्या: ग्लासभर पाणी दिलं, गोळी गिळली, ग्लास खाली ठेवला. उरलेलं मोजलं तर १४०. म्हणजे प्यायले साठ मिली. आम्ही इतके दिवस 'एक ग्लास झाला' असं धरत होतो. नाश्त्याबरोबर एकुलता एक परवानगीचा चहा, ११०. दुपारी जेवताना अर्धा ग्लास. 'तहान नाही गं.' चारला पुन्हा गोळी, पन्नास मिली. रात्री जेवताना शंभर, झोपताना कपभर दूध. बेरीज केली, पुन्हा केली: साडेपाचशेच्या वर जाईना.

चहा बंद करण्याआधी ते दिवसाला पाच कप घेत. साडेपाचशे मिली नुसता चहा. आपण त्यातले चार कप काढून घेतले आणि त्या जागी ते पाणी पितील असं गृहीत धरलं. चहा त्यांनी मुकाट्याने सोडला. पाणी काही वाढवलं नाही. साडेचारशे मिली खात्यातून गेले आणि समोर काहीच जमा नाही. ही चूक मी दुसऱ्या कुणाच्या वहीत दहा मिनिटांत पकडली असती.

शनिवार, उशिरा

झोप येईना म्हणून चहाचं प्रकरण नीट वाचलं.

कॅफिनने लघवी वाढते हे खोटं नाही. पण ते एकदम मोठा डोस घेतला, किंवा सवय नसलेल्याने घेतला, तर. या समजुतीचा माग काढत गेलं की १९२८ चा एक अभ्यास पुढे येतो. त्यात माणसं होती तीन. रोज घेणाऱ्याच्या शरीराला सवय होते, परिणाम बोथट होतो. २०१४ मध्ये नेहमी कॉफी पिणाऱ्या पन्नास पुरुषांना तीन दिवस रोज चार कप कॉफी दिली, आणि पुन्हा तीन दिवस तेवढंच पाणी. शरीरातल्या पाण्यात फरक पडला नाही. (पुरुषच का, हा प्रश्न मला पडलाच. कारणं दिली असतील. पण दरवेळी पुरुषच.)

२०१६ चा एक प्रयोग जास्त आवडला. तेरा पेयं, प्रत्येक वेळी अर्ध्या तासात एक लिटर प्यायचं आणि मग पुढचे तास लघवी मोजायची. कुठलं पेय अंगात किती राहतं, हे थेट. चहा, कॉफी, कोला, सगळे पाण्याच्या बरोबरीने. पाण्यापेक्षा जास्त टिकणारी दोन ठळक: दूध आणि जुलाबात देतात ते क्षार-साखरेचं पाणी. दुधात क्षार असतात, साखर असते, प्रथिनं असतात, त्यामुळे ते पोटातून सावकाश पुढे सरकतं आणि मूत्रपिंडाकडे एकदम लोंढा जात नाही. सोमवारी रात्री मी जे केलं, त्याच्या नेमकं उलट.

याचा अर्थ कोला ढोसावा असा नाही. ३३० मिलीच्या डब्यात साखर पस्तीस ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरची साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी म्हणते. पाणी म्हणून तो जमा होईल, पण साखर दुसऱ्या खात्यावर पडेल. फळांच्या रसाचंही थोडं तसंच. दारूचं वेगळं: ती व्हॅसोप्रेसिनलाच दाबते, त्यामुळे कडक असेल तर घेतलं त्याहून जास्त जातं. बाबा घेत नाहीत, तो मुद्दा सोडून दिला.

रविवार

बाबांना विचारलं, खरंच तहान लागत नाही का? आधी 'नाही' म्हणाले. मग थोड्या वेळाने, पेपरमधून डोकं वर न काढता, "आणि रात्री उठावं लागतं. अंधारात पडलो तर तुम्हालाच त्रास."

म्हणजे हे ठरवून चाललं होतं.

वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. तरुणपणी रक्ताचा दाटपणा एकदोन टक्के वाढला की घसा कोरडा पडतो. म्हातारपणी तोच इशारा उशिरा येतो. मूत्रपिंडंही लघवी पूर्वीइतकी दाट करून पाणी वाचवू शकत नाहीत. त्यात माणूस भीतीने कमी प्यायला लागला की झालंच. लघवीचा रंग बघावा असं मनात होतं. फिकट पिवळा ठीक, गडद झाला तर कमी पडतंय, हे मी स्वतःसाठी वापरते (ब जीवनसत्त्वाची गोळी घेतली तर तो भडक होतो, तेव्हा सोडून). पण एस्पेन या युरोपियन पोषण संस्थेची मार्गदर्शिका म्हाताऱ्या माणसांत रंगावर विसंबू नका म्हणते. त्याऐवजी आकडा देते: बायकांनी दिवसाला निदान १.६ लिटर पेयं, पुरुषांनी २ लिटर. पेयं. चहा, कॉफी, दूध, सगळं त्यात.

ताईला फोन करून हे वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण साखर कमी घाल."

सोमवार

डॉक्टरांशी बोलले. रक्तात काळजीचं काही नाही. एक गोळी सकाळऐवजी रात्री केली. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असतं तर द्रवाला मर्यादा घातली असती, तसं बाबांना नाही, तेव्हा हळूहळू वाढवा म्हणाले. एका दिवसात दुप्पट नको. जास्त पाण्यानेही बिघडतं, हे मला २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनबद्दल वाचून कळलं होतं: तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तात सोडियम खाली गेलेलं निघालं, आणि त्यामागे मोठा वाटा होता पळताना अंगात गेलेल्या भरमसाठ पाण्याचा.

योजना अशी: चहा परत, तीन कप, शेवटचा चारला, म्हणजे झोपेत अडकणार नाही. दूध झोपतानाऐवजी संध्याकाळी सहाला. दिवसाच्या गोळ्यांचा ग्लास रिकामा केल्याशिवाय उचलायचा नाही. सातनंतर फक्त घोट-दोन घोट. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा. हा दिवा आधी सुचायला हवा होता.

फोनमधलं ते लक्ष्य काढून टाकलं. मी आता तहान लागली की पिते आणि दुपारी उन्हातून आल्यावर न लागताही पिते. काल रात्री एकदाही उठले नाही.

गुरुवार

बाबांची बेरीज १,२५०. भिंतीला हात लावावा लागला नाही, निदान माझ्यादेखत तरी.

त्यांनी आता स्वतःची वही केली आहे, जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांची. माझ्या नोंदींवर विश्वास नाही म्हणतात. आज चारचा चहा दिला, मी मनाशी १३० धरून लिहायला घेतलं, तर त्यांनी कपाच्या काठाशी बोट आडवं धरलं.

"एवढा कमी आहे. एकशेदहाच लिही."