शिंपल्यांतलं कॅडमियम आणि अहवालातला न लिहिलेला शब्द

शिंपल्यांवरून पाण्यातले जड धातू तपासायला निघालात तर एक गोष्ट आधीच सांगतो: खडकांवरचं काम सोपं आहे. ओहोटी गाठायची, साधारण एकाच लांबीचे शिंपले काढायचे, प्रत्येक ठिकाणचे वेगळ्या पिशवीत भरायचे. माझा जीव खाल्ला तो प्रयोगशाळेच्या अहवालाने.

त्यापेक्षा पाणीच का नाही तपासलं, असं पुष्कळांनी विचारलं. बाटलीतलं पाणी फक्त त्या घटकेचं असतं, पुढच्या भरतीला आकडा बदलतो. शिंपला मात्र एका जागी चिकटून तासाला लीटरभर किंवा जास्तच पाणी गाळतो आणि कॅडमियम, शिसं, पारा अंगात साठवत राहतो. त्याच्या मांसात कित्येक आठवड्यांचा, महिन्यांचा हिशेब मिळतो. एडवर्ड गोल्डबर्ग या सागरी रसायनशास्त्रज्ञांनी १९७५ साली जगभरच्या किनाऱ्यांवर अशी पाहणी व्हावी असं सुचवलं ते याच आधारावर, आणि १९८६ मध्ये अमेरिकेत ती देशपातळीवर सुरूही झाली.

आता तो अहवाल. कॅडमियम: ४ मिलिग्रॅम प्रति किलो. कशाच्या किलोला? ओल्या मांसाच्या की वाळवलेल्या? कुठेच लिहिलेलं नाही. मांसात साधारण ८० टक्के पाणी असतं, म्हणजे कोरड्या वजनावरचा आकडा ओल्याच्या जवळजवळ पाचपट येतो. युरोपीय संघाची खाण्याच्या शिंपल्यांसाठीची कॅडमियमची मर्यादा ओल्या वजनावर १ मिलिग्रॅम आहे. माझे ४ ओल्यावरचे असतील तर मर्यादेच्या चौपट, कोरड्यावरचे असतील तर ०.८, मर्यादेच्या आत. एका शब्दावर एवढं अडलेलं, आणि फोनवर उत्तर काय, तर "आमच्या नेहमीच्या पद्धतीनेच केलंय."

ईमेल केले, पुन्हा फोन केले. खिडकीवरची व्यक्ती अहवालावरच्या सहीकडे बोट दाखवायची, सही करणारे रजेवर. शेवटी मी थेट विश्लेषकांची भेट मागितली. त्यांनी नोंदवही उघडली. माझ्या नमुन्यापुढे दोन वजनं पेनाने लिहिलेली होती, वाळवण्याआधीचं आणि नंतरचं, आणि नायट्रिक आम्लात विरघळवायला घेतलेली पूड दुसऱ्या वजनातली. म्हणजे कोरडं! हुश्श झालं. पण तोंडी उत्तरावर मी निघालो नाही. सुधारित अहवाल, ओलाव्याच्या टक्केवारीसकट, हातात घेऊनच उठलो, आणि ते बरोबरच केलं असं आजही वाटतं.

म्हणून नमुने देतानाच अर्जावर स्वतःच्या हाताने लिहा: "कोरड्या वजनावर, ओलाव्यासह." प्रमाणित संदर्भ नमुन्याचे (ज्यातलं धातूचं प्रमाण आधीच ठाऊक असतं) आणि कोऱ्या चाचणीचे (नमुना न घालता केलेली) आकडेही तेव्हाच मागा, नंतर कुणी शोधून देत नाही.

हे आधी यायला हवं होतं: काढलेले शिंपले दिवसभर स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवा, नाहीतर पोटातल्या गाळाचे धातूही मोजले जातात. मांस स्टीलच्या सुरीने काढू नका, क्रोमियम-निकेलचे आकडे बिघडतात. सिरॅमिक किंवा प्लॅस्टिकची घ्या. अंडी घालण्याच्या काळानंतर मांस रोडावतं आणि तेवढाच धातू जास्त दिसतो, तेव्हा दरवर्षी एकाच हंगामात जा. आणि एका ठिकाणची कालवं दुसऱ्या ठिकाणच्या शिंपल्यांशी ताडून पाहू नका. शिंपले जस्त बरंच आटोक्यात ठेवतात, कालवं ते भरमसाट साठवतात.