सात फटी

१४ डिसेंबर, रविवार. रात्रीचे साडेदहा

नखांतलं ग्रीस निघत नाहीये. आधी साबण, मग राख, शेवटी खोबरेल लावून चोळलं. आईने पातळाचा काठ पाहिला आणि विचारलं, "साक्षगंधाला गेली होतीस की गॅरेजात?" दोन्हीकडे गेले होते. तिला सगळं सांगत बसले, पण सांगताना अर्धं राहून गेलं, म्हणून झोपायच्या आधी इथे लिहिते आहे.

आतेबहिणीचं साक्षगंध भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गला होतं. बाबा गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, मी त्या गावाला फिरकले नव्हते. सकाळी तुमसरहून निघालो तेव्हा समोरचं दिसू नये असं धुकं. बांध्यांमधला धान कापून झाला आहे, जागोजागी पुंजणे रचलेले, आणि खाली ओलीवर लाखोरी निळी फुलू लागलेली. गोबरवाही सुटलं की जमीन हळूहळू उचलायला लागते, सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्या दोन्हीकडून जवळ येतात. आणि मग रस्त्याकडेच्या सागाची पानं काळपट होतात. नव्या माणसाला वाटावं, इथे वणवा लागून गेला. ती मँगनीजची धूळ.

बुजुर्ग म्हणजे वडीलधारं, मोठं. पुण्याकडच्या गावांच्या नावात जो 'बुद्रुक' असतो तो याच फारसी शब्दाचा घासलेला अवतार. आमच्याकडे तो न घासता तसाच राहिला, याचं मला लहानपणापासून कौतुक आहे.

गावामागचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेलेला आहे. उघडी खदान. मध्य प्रांतात मँगनीज काढायला १८९६ साली एक इंग्रजी सिंडिकेट उभी राहिली, १९६२ साली मॉइल ही मँगनीजची सरकारी कंपनी आली, आणि डोंगर कापणं चालूच आहे. इथलं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये जातं. मी दुसरी-तिसरीत असताना बाबांनी एक संपलेला सेल दगडाने फोडून आतली काळी पूड तळहातावर ठेवली होती आणि म्हणाले होते, "हा आपला डोंगर." तेव्हापासून वीज गेली आणि कुणी टॉर्च लावली की मला डोंगरच आठवतो.

बाबा इथे एका ठेकेदाराच्या जीपवर ड्रायव्हर होते. पंधरा वर्षं. सुपरवायझरला खदानीवर सोडणं, पगाराची पेटी आणणं, कुणाला लागलं-खुपलं की तुमसरच्या दवाखान्यात नेणं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आत्याकडे राहायचे, आणि संध्याकाळी जीप चढावर येताना आवाजावरून ओळखायचे. गावात तेव्हा चार-पाच जीपा होत्या. मी एकदाही चुकले नाही.

तर साक्षगंध. टिळा झाला, अंगठ्या झाल्या, पहिली पंगत उठली. वांग्याची भाजी आणि बुंदी, भाजीवर मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर. दुपारी दोनच्या सुमारास आतेभाऊ म्हणाला, "ताई, चल, तुला गाड्या दाखवतो." त्याला माहीत आहे माझं वेड. जुनी गाडी दिसली की मी बसमधून मान वळवून बघते, शाळेच्या वाटेवर थांबून बघते. बाबांचंच आलं आहे ते माझ्यात.

पहिली गाडी म्हणजे नुसतं तोंड होतं. एका अंगणात जुन्या ट्रकची केबिन, आत कोंबड्या. नाकाडावर तीन पाकळ्यांचा तारा गंजून तांबडा झालेला. टाटांनी १९५४ साली मर्सिडीज-बेंझबरोबर ट्रक बांधायला घेतले तेव्हाचा हा तारा. करार १९६९ला संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचं आपलं अक्षर आलं. म्हणजे हे तोंड निदान साडेपाच दशकांचं. याच गाड्यांनी डोंगर फाट्यापर्यंत वाहून नेला, तिथून तो रेल्वेत चढला. घरच्या बाईंनी मला खुडूक कोंबडीला हात लावू नको म्हणून बजावलं. मी ताऱ्याला हात लावून निघाले.

दुसरी अँबॅसडर, एका वाण्याच्या पडवीत ताडपत्रीखाली. जाळी बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटी-चौकटीची, म्हणजे मार्क टू. गिअरचा दांडा स्टिअरिंगशेजारी. अँबॅसडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४पर्यंत निघत राहिली, पण ही त्या लांबलचक वंशातली फार वरची. सुस्थितीत आहे, पुसलेली आहे, लग्नाला भाड्याने जाते. छान वाटलं. तरी मी तिथे पाच मिनिटांहून जास्त थांबले नाही.

एक फियाटही असल्याचं आतेभाऊ सांगत होता, पुढची दारं उलटी उघडणारी, जिला लोक डुक्कर फियाट म्हणत. गेलो तर जागा रिकामी. गेल्या पावसाळ्यात भंगारवाल्याने तुकडे करून वजनावर नेली. मातीत चार विटा होत्या, ज्यांच्यावर ती उभी असणार. विटांच्या मधल्या जागेत गवत पिवळं होतं, बाजूचं हिरवं. मला फार वाईट वाटलं. पाच महिने आधी आले असते तर निदान बसून पाहिलं असतं.

आणि मग जीप.

बाजारओळीच्या टोकाला टिनाचं शेड आहे. तिथले मिस्त्रीकाका सत्तरी पार केलेले, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. शेडमध्ये मोटारसायकली, एक ट्रॅक्टर, आणि मागे अंधारात उंच नाकाची एक जीप. मी आधी जाळीच्या फटी मोजल्या. बाबांनी शिकवलेला पहिला धडा तो. नऊ फटी असतील तर लढाईतली, अमेरिकन फौजांनी महायुद्धानंतर इथेच विकून टाकलेली. सात असतील तर त्यानंतरची. या सात होत्या. बॉनेट उंच, म्हणजे सीजे थ्री-बी हे मॉडेल, महिंद्राने विलीज या अमेरिकन जीप-कंपनीच्या परवान्यावर बांधलेलं. ते बॉनेट उंच का, हेही बाबांनीच सांगितलं होतं. विलीजने नवं इंजिन आणलं त्यात हवा घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच ठेवले. इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच वर उचललं. त्यामुळे तिचा चेहरा असा, भुवया वर चढवून बघितल्यासारखा. २१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन. चढावर त्याचा आवाज घशातून यायचा.

काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "कोनाची होस बाई तू?"

बाबांचं नाव सांगितलं. काकांनी हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि आतून स्टूल आणून माझ्यापुढे ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावसात चढावर त्यायनं कधी कोनाची गाडी सोडली नाही, बाई. आपली उभी करून दोर लावाचे."

मी विचारलंच. ही ती तर नाही?

"नाही व माय. थे गेली भंगारात. गंज वर्षं झाली."

मला ते ठाऊक असायला हवं होतं. तरी मी डाव्या बाजूला जाऊन मडगार्ड पाहिलं. बाबांच्या जीपला तिथे एक पोच होता, माझ्या मुठीएवढा. सागाची फांदी पडली होती. इथे पोच दुसरीकडे होता, दुसऱ्या आकाराचा.

काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. "पन हिच्यात चार-पाच जीपायचं सामान हाय. गिअरबॉक्स एकीचा, मागचा एक्सल दुसरीचा. तुह्या बाबाच्या जीपेतलं बी काई असंल. मी तवा लिहून थोडी ठेवलं."

मग मी त्या गाडीपाशी पाऊण तास होते. काकांनी विजेरी धरली आणि मी खाली वाकून, शेवटी पोतं अंथरून आडवी होऊन सगळं पाहिलं. पातळाचं काय झालं ते तेव्हाच. मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी ते दोन छोटे दांडे, एक पुढची चाकं जोडायचा, एक लो-हायचा, मुठींवरचे गोळे झिजून चिंचोक्यासारखे गुळगुळीत. बंपरमध्ये इंजिन हाताने फिरवून सुरू करायचं हँडल घालायचं भोक. चेसिसवर तीन ठिकाणी वेल्डिंग, प्रत्येक वेगळ्या हाताचं. एक इतकं देखणं की बोट फिरवत राहावं. "हे कुणाचं?" विचारलं तर काका म्हणाले, त्यांच्या उस्तादांचं.

बॉनेट उचललं तेव्हा मात्र आत ते इंजिन नव्हतं. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलेलं. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा विदर्भातल्या कितीतरी जीपांचं असं झालं. काकांनी चावी फिरवली, धूर निघाला, पत्रा थरथरला. शेतातला आवाज. मी जो ओळखायचे तो नव्हे.

त्या आवाजात उभी असताना एक गोष्ट मनात फिरत होती, ती नीट मांडते. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदता येते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. आणि मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही.

राजवाड्याच्या पागेत झाकून ठेवलेल्या गाडीला ही अट योग्यच आहे. तिला जपलं जाणं हाच तिचा इतिहास. पण खदानीच्या गावातली जीप मूळ रूपात राहील कशी? ती मूळ रूपात राहिली असती तर त्याचा अर्थ ती कामाला लागलीच नाही. तीन वेल्डिंगा म्हणजे तीन वेळा मोडली आणि तीन वेळा कुणीतरी तिला सोडायला तयार झालं नाही. डिझेल इंजिन म्हणजे एक वर्ष असं आलं की मालकाकडे पैसे नव्हते, तरी रोगी दवाखान्यात पोचवायचाच होता. हे सगळं पुसून तिला नवा रंग दिला, मूळ इंजिन शोधून बसवलं, तर ती रॅलीत शोभेल. पण मग डोंगरी बुजुर्गची राहणार नाही. मला वाटतं, कामाच्या गाड्यांसाठीही नोंदीचा एक रकाना असायला हवा, ज्यात दुरुस्त्या दोष म्हणून धरल्या जाणार नाहीत. दुरुस्ती कुणी केली, कधी केली, कुठला भाग कुठून आला, हेच त्यात लिहावं. आज ते फक्त काकांच्या डोक्यात आहे, आणि तेही पुरतं नाही.

म्हणून मी लिहायला बसले त्यांच्यासमोर. पर्समध्ये बाजाराची वही होती. काका सांगत गेले: पुढचा एक्सल नाकाडोंगरीच्या एका जीपेचा. रेडिएटर तुमसरला बदलला. सीट त्यांच्या बायकोने शिवलेली, जुन्या ताडपत्रीची. चढावर ज्या गिअरने जायचं त्याच गिअरने उतरायचं, हे ते मध्येच म्हणाले, आणि मी तेही लिहिलं. बाबाही हेच म्हणायचे. खदानीच्या उतारावर नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत.

स्टिअरिंगपाशी आले तेव्हा काका अडखळले. काळं, तीन आऱ्यांचं, कडेला सुतळी गुंडाळलेली. "हे... हे कोनतीचं होतं, आठवत नाही."

बाबांच्या स्टिअरिंगलाही सुतळी होती. पण सुतळी सगळेच ड्रायव्हर गुंडाळायचे, घामाने हात सरकू नये म्हणून. मी रकान्यात काही लिहिलं नाही. हात तिथे ठेवून थोडा वेळ बसले. आतेभाऊ बाहेर जाऊन उभा राहिला.

निघताना काका म्हणाले, उजव्या हेडलाइटची काच फुटली आहे, रात्री काढता येत नाही. तुमसरला मिळाली नाही. नागपूरला जाणं होतं का तुझं?

पुढच्या शनिवारी जायचं आहे, डोळे तपासायला. वहीच्या शेवटच्या पानावर माप लिहून आणलं आहे: गोल, ७ इंच व्यास. सोबत रबराची रिंग. दोन घ्याव्यात, डावीलाही तडा आहे.